वन्संची जाळी

आमच्या प्रयोगशाळेत पेशींना 'पोरं' म्हणायची पद्धत होती. सकाळी आल्याआल्या पहिला प्रश्न, "पोरं जेवली का?" जेवण म्हणजे गुलाबी रंगाचं पोषक पाणी. ते एक दिवसाआड बदलायचं, आणि कोण बदलणार यावरून दर सुट्टीच्या आधी भांडण व्हायचं, कारण सुट्टी माणसांना असते, पोरांना नसते. बहुतेक वेळा मीच जायची. आमचे हे म्हणायचे, "माझ्या ताटात काय वाढलंय ते बघत नाहीस आणि तिकडे काचेच्या बशीत घास भरवत बसतेस." रागानं नाही म्हणायचे. तेव्हा आमच्या घरात राग असा फारसा नव्हताच.

मी पेशी वाढवत होते त्या हर्नियाच्या जाळ्यांवर. पोटाच्या भिंतीला भोक पडलं की आतडं तिथून बाहेर डोकावतं, तो हर्निया. सर्जन त्या भोकावर आतून प्लास्टिकच्या धाग्यांची जाळी लावतो, उसवलेल्या कापडाला ठिगळ लावावं तशी. पुष्कळांना ती सोसते. काहींना नाही सोसत. शरीर तिला परकी म्हणून ओळखतं, तिच्याभोवती सूज धरतं, चामड्यासारखा कडक व्रण करतं, आणि शेजारचं आतडं त्याला चिकटून बसतं. आमचा विचार साधा होता. जाळी आत जाण्यापूर्वी त्याच माणसाच्या पेशी तिच्यावर वाढवायच्या. एका धाग्यावरून दुसऱ्या धाग्यावर हात पसरत त्या मधली भोकं बुजवत जातात, दुधावर साय धरते तशा. मग शरीराला प्लास्टिक दिसतच नाही, आपलीच माणसं दिसतात.

हे सगळं मी वन्संना समजावून सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "म्हणजे तू आमच्या घरात आलीस तसंच की. आईनं वर्षभर सूज धरली होती."

"आणि मग?"

"मग दादा तुझ्यापुढे येऊन उभा राहिला. घरचा माणूस दिसला, सूज उतरली."

वन्सं म्हणजे यांची पाठची बहीण. शाळेत मुलींना खेळ शिकवायच्या. गळ्यात शिट्टी कधी अडकवली नाही. दोन बोटं तोंडात घालून अशी शिट्टी मारायच्या की मैदानाच्या पार टोकाची मुलगी जागच्या जागी थांबायची. संध्याकाळी घरी जाताना तीच शिट्टी आमच्या खिडकीखाली वाजायची आणि मी हातातलं टाकून खाली धावायची. कोपऱ्यापर्यंत जायचं, तिथे तासभर उभं राहायचं आणि मग 'उशीर झाला' म्हणत परतायचं. नणंद-भावजयीचं इतकं गूळपीठ लोकांना खरं वाटत नसे. काही जणी तर ते कधी बिनसतं याची वाट बघत होत्या. त्यांना पुढे फार वाट बघावी लागली नाही.

दुसऱ्या बाळंतपणाचं ऑपरेशन झालं आणि टाक्यांच्या जागी वन्संचं पोट उसवलं. एक जाळी लावून झाली. सोसली नाही, काढावी लागली, आणि काढताना भोक आधीपेक्षा मोठं झालं. शिट्टी मारायची तर एक हात तोंडाशी आणि दुसरा पोटावर दाबून. "दोन्ही हात अडकले," त्या म्हणायच्या, "आता पोरींचे कान कुठल्या हातानं धरू?"

त्यांच्यावर पेशी चढवलेली जाळी लावायची ही कल्पना भावजींची. भावजी घरातले शेंडेफळ आणि घरातले सर्जन. हात फार सुरेख. टाका घातला की शोधावा लागे. एकच खोड, स्वच्छतेची. धुतलेला पेला पुन्हा विसळल्याशिवाय त्यात पाणी घ्यायचे नाहीत. सफरचंद धुऊन पुसून चिरायचे आणि चिरलेल्या फोडी पुन्हा धुवायचे. वन्सं त्यांना 'धुवाधुवी' म्हणायच्या. "धुवाधुवी आला, सांभाळा. हाताला लागाल तर तुम्हालाही बुचकळून काढेल."

भावानं सख्ख्या बहिणीचं पोट उघडावं का, यावर रुग्णालयाच्या समितीत थोडी कुजबुज झाली. भावजींनी ती एका वाक्यात मिटवली. म्हणाले, "ताईच्या पोटाला मी दुसऱ्याचा हात लागू देणार नाही." खरं होतं ते. आणि माणसाच्या पोटात अशी जाळी लावणारे आपण पहिले ठरू हेही त्यांना ठाऊक होतं. तेही खरंच होतं. माणसाच्या मनात दोन खऱ्या गोष्टी सुखानं एकत्र नांदतात.

वन्संच्या चरबीचा छोटासा तुकडा माझ्याकडे आला, आणि त्यातून मी पोरं वाढवली. इतकी सुरेख वाढली की आमच्या प्रमुख बाई, ज्या कौतुक करताना दाढ दुखल्यासारखा चेहरा करायच्या, त्याही सूक्ष्मदर्शकावरून डोळा काढून म्हणाल्या, "बरं आहे."

"मला दाखव की गं माझी पोरं," वन्सं म्हणाल्या.

"बाहेरच्या माणसाला आत येता येत नाही, वन्सं."

"चरबी माझी, पोरं माझी, आणि बाहेरची मीच? छान कायदा आहे."

"एकदा ऑपरेशन होऊ द्या. फोटो दाखवीन."

"फोटो नको. जिवंत बघायचीत."

मी हो म्हणाले. कसं जमवणार होते कुणास ठाऊक, पण हो म्हणाले.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी भावजी आमच्याकडे चहाला आले होते. मी त्यांना पुन्हा सगळं सांगितलं. साधी जाळी लावण्यापूर्वी सर्जन ती जंतुनाशकाच्या तपकिरी पाण्यात बुडवून घेतात. भावजी तर हटकून घ्यायचे. त्यांच्या टेबलाशी तो वाडगा कायम भरलेला असे. "ही जाळी पिशवीतून काढायची आणि थेट आत," मी म्हणाले. "वाडग्यात नाही, साध्या पाण्यात नाही, कशात नाही. ती जिवंत आहे."

"वहिनी, मी तुमच्या स्वयंपाकघरात कधी लुडबुड केली?"

"रोज करता. आत्ता हा कप कुणी विसळला?"

हे मोठ्यानं हसले. भावजीही हसले. "नाही धुणार हो," म्हणाले, "लहान मूल आहे का मी?"

दुसऱ्या दिवशी जाळीची पेटी मी स्वतः नेली, अंगाशी धरून, ऊब राहावी म्हणून. ऑपरेशन थिएटरच्या दारात जमिनीवर लाल पट्टा होता. त्याच्यापुढे मला जाता येत नव्हतं. तिथल्या सिस्टरच्या हातात पेटी दिली आणि तिलाही बजावलं. तिनं मान हलवली. दार मिटलं. मी पट्ट्याच्या अलीकडे उभी राहिले.

सुरुवातीला सगळं बरं चाललं. मग वन्संना ताप आला. मग पोट दगडासारखं झालं. जाळी भावजींनी नाही, दुसऱ्या रुग्णालयातल्या दुसऱ्या सर्जननं काढली, आणि तिच्याबरोबर चिकटलेल्या आतड्याचा तुकडाही काढावा लागला. काढलेली जाळी बाटलीतून माझ्याकडे आली. मी ती सूक्ष्मदर्शकाखाली धरली. मी पाठवलेल्या सायीचा मागमूससुद्धा नव्हता. प्लास्टिक होतं, आणि प्लास्टिकवर रागावलेलं शरीर होतं. कोऱ्या जाळीचं जे होतं तेच झालं होतं.

म्हणजे पोरं लावण्याआधीच मेली होती, किंवा लावता लावता मेली होती. माझ्या मनात जे आलं ते मी मनात ठेवलं नाही. सरळ भावजींच्या घरी गेले. ते स्वयंपाकघरात पेला विसळत होते.

"भावजी, एक विचारते, रागवू नका. जाळी वाडग्यात गेली होती का? सवयीनं हात जातो माणसाचा. मी कुणाला दोष द्यायला आले नाही. मला फक्त कळायला हवं, म्हणजे पुढच्या वेळी नीट होईल."

त्यांनी नळ बंद केला. पेला पालथा घातला. "नाही, वहिनी. पिशवीतून काढली तशी लावली." मग माझ्याकडे वळून मऊ आवाजात म्हणाले, "तुमच्याकडेच काही राहिलं असेल. होतं असं. माणूस आहे."

मला धीर देऊन त्यांनी मला दारापर्यंत पोचवलं.

मी त्या सिस्टरलाही गाठलं. ती म्हणाली, "डॉक्टरांना विचारा, बाई." विचारलं होतं, असं मी सांगितलं. "मग झालं तर," ती म्हणाली आणि निघून गेली. मला वाटलं, कामाच्या घाईत आहे.

मग मी स्वतःकडे वळले. पेशी वाढवायची उबदार पेटी तपासली, पोषक पाणी तपासलं, नेण्याची पेटी तपासली. सगळं जसं असावं तसं होतं. जिथे सगळं बरोबर निघतं आणि तरी चुकतं, तिथे माणूस शेवटी आपल्या हातांकडे बघायला लागतो. आणि हात तपासायचं यंत्र नाही. समितीनं 'पेशींचा उपयोग होत नाही' असा निकाल दिला आणि ते काम बंद केलं. मी तिथे राहिले असते तरी चाललं असतं. मला कुणी जा म्हणालं नव्हतं. पण नव्या बशीत पेशी सोडायला गेले की हात थांबायचा. मी रक्त तपासायच्या एका प्रयोगशाळेत गेले आणि निवृत्त होईपर्यंत लोकांच्या रक्तातली साखर सांगत राहिले. तिथे पोरं नव्हती. कुणाला जेवू घालायचं नव्हतं.

वन्सं भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी एकदाच विषय काढला.

"धुवाधुवीनं धुतली असेल, असं माझ्याही मनात आलं होतं," त्या म्हणाल्या. "तू विचारलंस का त्याला?"

"विचारलं. नाही म्हणाले."

"मग नाही. माझ्या बाबतीत खोटं बोलेल तो? पाळण्यातला होता तेव्हापासून मी सांभाळलाय." मग पोटावरचा पट्टा नीट करत म्हणाल्या, "माझ्या पोटावर शिकलीस, वहिनी. शिकलीस तरी का?"

त्यानंतर खिडकीखाली शिट्टी वाजली नाही. मैदान सुटलंच होतं. शाळेनं त्यांना कचेरीत बसवलं, हजेरीवर शिक्के मारायला. घरातल्या कार्यांत त्या मी नसेन त्या खोलीत बसायच्या. माझ्याशी बोलायच्या, नाही असं नाही. 'कशी आहेस, बरी आहेस ना.' अनोळखी माणसाला वाट विचारावी तसं. ज्या जणी वाट बघत होत्या त्या म्हणाल्या, आम्हाला माहीतच होतं.

आणि हे? यांनी मला कधी एका शब्दानं दुखावलं नाही. शेवटच्या आजारात माझा हात धरून म्हणाले, "तिच्या पोटाचं मनाला लावून घेऊ नकोस. मी तुला केव्हाच माफ केलंय." मला रडू आलं. मी म्हणाले, "तुम्ही होतात म्हणून निभावलं." आणि त्या माफीच्या आधारावर मी पुढची वर्षं काढली.

दरम्यान आम्ही अर्धवट टाकलेलं काम कुठल्या कुठल्या लोकांनी पुरं केलं. आता अशा जाळ्या मिळतात. त्या बातम्या मी वाचायची आणि माझं नेमकं काय चुकलं ते त्यांत शोधायची. सापडायचं नाही. ते लोक तेच करत होते जे मी केलं होतं.

गेल्या हिवाळ्यात भावजींचं पोटाचं ऑपरेशन झालं आणि पुढे टाक्यांच्या जागी त्यांनाही हर्निया झाला. त्यांनी मला आणि वन्संना रुग्णालयात बोलावून घेतलं. मी गेले, कारण दीर आहेत आणि हे असते तर गेलेच असते. वन्सं गेल्या, कारण भाऊ आहे. खोलीत एकच बाकडं होतं, त्यामुळे आम्ही दोघी एकमेकींच्या शेजारी बसलो. असं बसून किती वर्षं झाली होती ते दोघींनाही सांगता आलं नसतं.

भावजी खूप सुकले होते. उशाशी ओला रुमाल होता, त्यानं बोटं पुसत होते.

"तीच जाळी लावतायत, वहिनी. पेशींची. खाली तळघरात वाढवतात. एक काम कराल? तुम्ही एकदा बघून या. तुमच्या नजरेखालून गेलं की मला शांत झोप लागेल. तुमच्यासारखा हात मी नंतर कुठे बघितला नाही."

मला कळेना. ज्या हातानं त्यांच्या बहिणीच्या पोटाचं मातेरं झालं, त्याच हाताची या माणसाला इतकी खात्री कशी? वाटलं, म्हातारपणी माणूस गोड बोलतो. वन्सं खिडकीबाहेर बघत होत्या.

तेवढ्यात त्यांची सर्जन आली, तरुण, हसऱ्या चेहऱ्याची. तिनं सगळं समजावलं. भावजी ऐकत होते, मध्येच शिकवतही होते. जित्याची खोड.

"आणि एक करा," ते म्हणाले. "टेबलाशी वाडगा ठेवू देऊ नका. अजिबात. तुम्ही ठरवलेलं असतं, कुणीतरी बजावलेलंही असतं, पण हात ऐकत नाही. जाळी हातात आली की आपोआप तिकडे जातो. त्या तपकिरी पाण्यात गुलाबी थेंब विरताना दिसतो ना, तेव्हा कळतं. पण तोवर आतलं सगळं मेलेलं असतं. आणि पोट उघडं असतं."

"आम्ही तो वाडगा आत आणतच नाही, सर," ती हसून म्हणाली. "पण तुम्हाला इतकं कसं माहीत? तुमच्या वेळी या जाळ्या नव्हत्या ना?"

भावजींची बोटं रुमालात थांबली.

"होती," वन्सं म्हणाल्या. "एक होती."

त्या मुलीनं आमच्या तिघांच्या तोंडांकडे बघितलं, उद्या येते म्हणाली आणि गेली. शहाणी होती.

'काच कुणी फोडली?' असं शाळेत मुलींना विचारायच्या, अगदी त्याच आवाजात वन्संनी विचारलं,

"धुतली होतीस?"

"ताई, पोट उघडं होतं. दुसरी जाळी नव्हती. मी काय करायला हवं होतं?"

"मी पोटाचं विचारत नाहीये. पोट गेलं. हिनं तुला विचारलं होतं का?"

"विचारलं होतं."

"तू काय म्हणालास?"

"एकदा नाही म्हणून गेलो. मग..."

"मग काय?"

"मग तेच चालू राहिलं, ताई. दर वेळी वाटायचं, आता सांगून काय होणार. दादाला सांगणार होतो. तो गेला."

माझ्या डोळ्यांसमोर वन्सं नव्हत्या, भावजी नव्हते. मला यांचा चेहरा दिसत होता, माझा हात धरलेला. मी केलंच नव्हतं त्याची माफी. ती मी जपून ठेवली होती, अंगावर पांघरली होती, तिच्याबद्दल आभार मानले होते. आता ती कुणाला परत करू?

"म्हणून तुला हिचीच नजर हवी," वन्सं म्हणाल्या. "हिचा हात चांगला होता हे जगात तुला एकट्यालाच माहीत."

"वहिनी," भावजी म्हणाले, "काहीतरी बोला."

मी उठले. बोलायला गेले असते तर मलाच ऐकवलं नसतं. पाठोपाठ वन्संही उठल्या, पट्टा सावरत. दाराशी थांबल्या, पण मागे वळल्या नाहीत.

"इतकी वर्षं हिच्यावर चिडण्यात घालवली मी," त्या म्हणाल्या. "आता तुझ्यावर चिडायचं तर तेवढी वर्षं कुठून आणू?"

लिफ्टमध्ये वन्संनीच बटण दाबलं, तळघराचं.

खालच्या प्रयोगशाळेत लाल पट्टा नव्हता. आता म्हणे रोग्याच्या माणसांना आत येऊ देतात, दाखवतात, त्यानं विश्वास बसतो. तिथल्या मुलीनं आम्हाला डगले चढवले, टोप्या घातल्या. वन्संची टोपी कानावर आली, ती मी सरळ केली. तो वास तसाच होता, गोडसर, उबदार. मुलीनं बशी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. मी डोळा लावला.

म्हाताऱ्या माणसाच्या पेशी. सावकाश वाढलेल्या, एका कडेला विरळ, पण जिवंत. धाग्यावरून धाग्यावर हात टाकत चाललेल्या. माझा हात आपोआप बारीक चाकाकडे गेला आणि चित्र अजून स्वच्छ झालं.

"ठीक आहेत ना, आजी?" मुलीनं विचारलं. "वर पेशंटना कळवायचंय. दोनदा फोन आला त्यांचा."

"ठीक आहेत," मी म्हणाले.

"मला बघू दे," वन्सं म्हणाल्या.

मी बाजूला झाले. त्यांना वाकता येईना. मी स्टूल पुढे ओढलं. त्यांनी चष्मा काढून माझ्या हातात दिला, डोळा लावला आणि एक हात पोटावर ठेवला, नेहमीसारखा. बराच वेळ बघत राहिल्या.

"माझ्या अशाच होत्या?"

"तुमच्या याहून दाट होत्या."

"याहून?"

"खूप दाट. कुठे भोक दिसत नव्हतं."

त्या मुलीला वाटलं, आजींना अजून नीट दिसत नाही. ती दिवा वाढवायला पुढे झाली. मी तिला हातानं थांबवलं. वन्संनी डोळा काढला नाही. पेशींची ती बशी फार वेळ बाहेर ठेवता येत नाही, हे मला माहीत होतं आणि तिथल्या मुलीलाही. तरी दोघींनीही ती तशीच राहू दिली.

शेवटी मुलीनं बशी उचलून आत ठेवली. आम्ही डगले काढले, घडी करून दिले आणि बाहेर आलो. लिफ्ट आली, आत उभ्या असलेल्या वॉर्डबॉयनं विचारलं, "वर?"

वन्संनी माझ्याकडे बघितलं. मी मानेनंच नाही म्हटलं.

"नाही," त्या म्हणाल्या. "तू जा."

दार मिटलं आणि लिफ्ट आमच्याशिवाय वर गेली. बाहेर पडायचा जिना कोपऱ्यात होता. तो चढायला आम्हाला खूप वेळ लागला.